रान जाळलेला माणूस

१

जंगलखात्याच्या वासू गार्डची टोपी आधी सापडली. कुंभारवाड्याहून कॅसलरॉककडे जाणाऱ्या पायवाटेवर एक ओहोळ लागतो. त्यावर लोकांनी दोन ओंडके टाकून साकव केला आहे. गुरांमागे गेलेल्या बायकांना साकवाच्या खालच्या अंगाला दगडात अडकलेली खाकी टोपी दिसली आणि मग वरच्या अंगाला माणूस. तोंड पाण्यात, मानेवर कोयत्याचा एकच घाव. कोयता काठावरच्या पाल्यात पडला होता. मुठीला तांब्याची तार गुंडाळलेला तो कोयता कोणाचा, हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. तो माझ्या आबांचा होता.

हे एकोणीसशे बारा सालच्या फाल्गुनातलं. मी तेव्हा बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आबांना धरून नेल्याचा निरोप कॅसलरॉकहून शकुंतलाबाईंनी पाठवला.

शकुंतलाबाई तिथल्या स्टेशनमास्तरांच्या पत्नी. मी नऊ वर्षांची असताना त्यांच्या घरी मूल सांभाळायला राहिले, कारण त्या वर्षी आबा पहिल्यांदा तुरुंगात गेले होते. डोंगरउतारावरची झाडी तोडायची, वाळवायची, जाळायची आणि राखेत नाचणी पेरायची, याला आमच्याकडे कुमरी म्हणतात. आमचे आजे-पणजे तेच करत आले. सरकारने ती बंद केली. त्या वर्षी कुणीतरी आग लावली, वारा फिरला आणि सरकारने लावलेलं सागवान जळून गेलं. चौकशीला साहेब आला तेव्हा आबा पुढे होऊन म्हणाले, मी लावली. आईला दोन पोरांची पोटं भरता येईनात, म्हणून तिने मला कॅसलरॉकला नेऊन ठेवलं. शकुंतलाबाईंनी आधी अक्षरं शिकवली, मग पुस्तकं दिली, मग बेळगावला ट्रेनिंग कॉलेजात घातलं. आबा तुरुंगात गेले म्हणून मी वाचायला शिकले. पुढे मी पुष्कळ वाचलं, पण हे मला कोणत्याही पुस्तकात विसरता आलं नाही.

माझ्याहून सहा वर्षांनी मोठा एक भाऊ, मी त्याला दादा म्हणते. त्याचं नाव गावच्या म्हाताऱ्या गावकारांनी ठेवलं होतं. गावकार म्हणजे वाड्यांचे प्रमुख. त्यांना स्वतःच्या नावाचा फार अभिमान. बारशाला बोलावलं की पाळण्यात वाकून हमखास आपलंच नाव ठेवून यायचे. त्यामुळे आमच्या चार वाड्यांत धाकलू नावाची तीन माणसं होती, एक ते स्वतः आणि दोन त्यांनी केलेली. आबा हसून म्हणत, पोराला नाव फुकट मिळालं, पण हाक मारली की म्हातारा ओ देतो.

२

मी घरी पोचले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती आणि चूल विझलेली होती. तिने मला पाणी दिलं. दादा घरी नव्हता. मुरगावच्या बंदरात हमालीला गेला, एवढंच तिने सांगितलं. आबांना धरलं त्याच आठवड्यात गेला होता.

पाणी पिताना माझं लक्ष दाराशेजारच्या खुंटीकडे गेलं. आबांची आकडी तिथे टांगलेली होती. आमच्याकडचा माणूस कोयता हातात धरून रानात जात नाही. कमरेला मागे लाकडी आकडी बांधतो आणि कोयता तीत अडकवतो, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. आबांची आकडी खैराची होती, घासून घासून काळी झालेली. मी ती पाहिली आणि मला बरं वाटलं, कारण घरात त्यांचं काहीतरी होतं. त्याहून जास्त मला तेव्हा काही सुचलं नाही.

कारवारहून दत्तात्रय वकील आले. शकुंतलाबाईंच्या माहेरकडचे, वयाने माझ्याएवढेच, गोरे, घामाघूम आणि जळवांना भयंकर भिणारे. मला ते केशरबाई म्हणत. कोर्टात जाण्याआधी वासूचं वाईट चिंतणारे आणखी कोण होते ते पाहू, असं त्यांचं म्हणणं पडलं. असे पुष्कळ होते. पण त्या वाटेने नेमाने येणारे-जाणारे दोघेच, लाडू आणि लक्ष्मण.

लाडू घाट उतरून गोव्यातून चोरून दारू आणायचा आणि वासूने त्याला दोनदा तुरुंग दाखवला होता. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात दोर वळत बसला होता. वकिलांनी सरळच विचारलं. तो म्हणाला, "मी मारला असता तर टोपी ठेवून आलो असतो व्हय? नवी होती ती." मग त्याने सांगितलं की त्या दिवशी कॅसलरॉकच्या नाक्यावर बाटल्यांसकट धरून त्याला कोठडीत टाकलं होतं. नाक्यावरच्या शिपायांनी पुढे ते खरं असल्याचं सांगितलं. लाडू दोराला पीळ देत म्हणाला, "चोरी करून फायदा झाला तो ह्या एकाच खेपेला, बाय."

लक्ष्मण लाकडाच्या गाड्यांचा मुकादम. तो आणि वासू मिळून झाडं विकतात, असं लोक म्हणत. त्या दिवशी आपण सुप्याला बहिणीकडे तापाने फणफणत पडलो होतो, हे त्याने सविस्तर सांगितलं. काढा कोणी केला, कांबळी किती घातली, सगळं. निघताना मी सहज विचारलं की दादा त्या दिवशी कुठे होता. लक्ष्मण म्हणाला, "माझ्यापाशीच की. कॅसलरॉकला रुळांच्या स्लीपरा भरत होता दिवसभर." मला हायसं वाटलं. वकिलांनाही वाटलं असावं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं, पण आपल्याला हवं ते ऐकलं की माणूस त्यापुढे विचार करत नाही.

राहता राहिले आबा. त्यांच्याविरुद्ध कोयता होता आणि आदल्या दिवशीची गोष्ट होती. वासू गार्डला रानात कुठेही झाड तोडलेलं दिसलं, कुठेही धूर दिसला की तो सरळ आबांच्या अंगणात येई. हा जुना गुन्हेगार आहे, याने एकदा केलं म्हणजे पुन्हा यानेच केलं, एवढा त्याचा तपास. मी बेळगावात असल्यामुळे मला यातलं काही कुणी कळवलं नव्हतं. आदल्या दिवशी त्याने आबांना बाजारात, लोकांदेखत, कान धरून उन्हात बसवलं होतं. साठीच्या माणसाला.

३

कारवारला आम्ही कद्र्याहून होडीने गेलो. होडीत दत्तात्रय वकिलांनी मला कायदा समजावला. त्यांना तो मनापासून आवडे.

ते म्हणाले, सरकारी वकील आबांची ती जुनी शिक्षा पुढे आणायला बघणार. पण पुराव्याच्या कायद्यात चोपन्नावं कलम आहे. आरोपी वाईट चालीचा आहे हे सरकारला सांगता येत नाही, आरोपीने स्वतःच आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिल्याखेरीज. मागे एकदा आग लावली म्हणून आज खून केला, असं म्हणणं म्हणजे वासू गार्डचा न्याय झाला. कोर्ट आजचा गुन्हा तपासतं, माणसाचं आयुष्य नाही.

मी विचारलं की मग वासूने आबांना काय काय केलं तेही सांगता येणार नाही का. तेवढं आपल्याच अंगावर येईल, ते म्हणाले, कारण तेच खुनाचं कारण ठरेल.

मला ते कलम फार चांगलं वाटलं. कुणीतरी कुठेतरी बसून माझ्या आबांचा विचार केला होता असं वाटलं. एकदा चुकलेल्या माणसाला जन्मभर कान धरून उन्हात बसवू नये, एवढं तरी कायद्याला कळत होतं.

"मग एक करा," मी म्हणाले. "ती आग कोर्टात येऊ देऊ नका."

त्यांनी मला वचन दिलं. आणि ते त्यांनी पाळलं.

४

सरकारची मुख्य साक्षीदार फुलावैनी होती. गावकारांची थोरली सून. त्या दिवशी ती साकवाच्या वरच्या उतारावर पत्रावळींची पानं खुडत होती आणि तिने एका माणसाला ओहोळातून धावत चढून जाताना पाहिलं होतं. फौजदाराला तिने काय सांगितलं ते आम्हांला ठाऊक होतं, म्हणूनच वकील पायांच्या चवड्यांवर बसल्यासारखे बसले होते.

न्यायाधीश साहेब वर बसला होता. त्याच्या बाजूला दोन असेसर, म्हणजे निकालाआधी ज्यांचं मत विचारतात ते गावातले दोन प्रतिष्ठित गृहस्थ. फुलावैनी पदर कपाळाखाली ओढून पिंजऱ्यात उभी राहिली. तिने समुद्रही त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला होता.

सरकारी वकिलाने विचारलं, धावत गेलेला माणूस कोण होता, नाव सांग.

तिने पिंजऱ्याची कड धरली. मग हळू पण स्पष्ट म्हणाली, "रान जाळलेला."

दत्तात्रय वकील ताडकन उठले. पुढची काही मिनिटं इंग्रजीत गेली. मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, आणि मी अभिमानाने ऐकत होते. साक्षीदार नाव सांगत नाही, आरोपीचा जुना गुन्हा सांगते आहे. हे कोर्टाच्या कानावरसुद्धा पडायला नको होतं. साहेबाने पुस्तक उघडलं, वाचलं आणि मान डोलावली. वाक्य खोडण्यात आलं. असेसरांना बजावण्यात आलं की त्यांनी हे ऐकलंच नाही असं समजावं. मग साहेब दुभाष्याकडून फुलावैनीला म्हणाला की बाई, कुणाचं जुनं इथे काढायचं नाही.

ती गोंधळून इकडे तिकडे पाहू लागली.

सरकारी वकिलाने मग दुसऱ्या बाजूने विचारलं. तो माणूस इथे कोर्टात आहे का, हाताने दाखव.

तिने पदर किंचित वर केला. आबांकडे पाहिलं, त्यांच्यावरून नजर पुढे नेली, आम्हां बसलेल्यांवरून फिरवली आणि पुन्हा आबांकडे आणली. त्याच वेळी आबांनी हात जोडले. मला वाटलं साहेबाला जोडले. सगळ्यांनाच तसं वाटलं.

फुलावैनीने पदर खाली ओढला आणि त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही. साहेबाने लिहून घेतलं की साक्षीदार उत्तर देत नाही. उलटतपासणी करायची का, असं दत्तात्रय वकिलांना विचारलं. त्यांनी वाकून नाही म्हटलं. खाली बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवून त्यांना शाबासकी दिली.

५

आबांना साहेबाने विचारलं, कोयता तुझा का.

"माझाच," आबा म्हणाले.

मग तो साकवाजवळ कसा गेला?

"कोयता माझा हाय, सायबा. आणखी मला सांगायचं न्हाई."

असेसरांनी दोषी म्हटलं. साहेबाने कोयत्यावर, बाजारातल्या अपमानावर आणि आबांच्या गप्प राहण्यावर लांब निकाल लिहिला. त्या निकालात आगीचा उल्लेख एका शब्दानेही नव्हता. जन्मठेप, काळं पाणी.

संध्याकाळी खानावळीत आमच्या मागच्या पाटावर त्या दोन असेसरांपैकी एक जेवत होते. खोबऱ्याचे व्यापारी. सोबतच्याला ते सांगत होते की साहेब म्हणाला विसरा, पण असं विसरता येतं का. जो अख्खं रान पेटवतो त्याला एक मान तोडायला कितीसा वेळ लागणार. दत्तात्रय वकिलांचा हात भातात तसाच राहिला. कागदावरून खोडलेलं माणसाच्या मनातून खोडता येत नाही, हे त्यांना त्यांच्या कलमाने शिकवलं नव्हतं.

त्यांनी मुंबईला अपील करायचं ठरवलं. अपिलाला नवीन काही हवं होतं. मी आईकडे परत गेले.

आता मी जे सांगणार आहे त्यात काही विशेष घडत नाही. पाऊस सुरू व्हायचा होता, लोक बियाण्याच्या गडबडीत होते. आई आणि मी गावकारांकडे भाताचं बी मागायला गेलो. खळ्यात त्यांच्या दोघी धाकट्या सुना पाखडत बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "तो म्हस बुडवलेला येऊन गेला गं सकाळी. त्याला पन बी पायजे." दुसरी म्हणाली, "देऊ नको त्याला. बी पन बुडवल." दोघी हसल्या.

वाटेत मी आईला विचारलं की म्हैस कोणी बुडवली.

"तो पलीकडच्या वाडीवरचा धाकलू गं," आई म्हणाली. "काळी नदीत म्हस घातली त्यानं."

मग त्या नाव का घेत नाहीत, मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. बेळगावात राहून पोर इतकं विसरली, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं. "सासऱ्याचं नाव हाय न्हवं ते? सुना कसं घेतील? त्या घरात तसल्या मानसाला त्यानं काय केलं त्यावरनंच सांगत्यात."

एवढं बोलून ती थांबली. डोक्यावरची बियाण्याची टोपली तिने दोन्ही हातांनी धरली आणि माझ्यापुढे चालू लागली.  मी मागून मोजत चालले. चार वाड्यांत धाकलू तीन. एक स्वतः गावकार. एकाने म्हैस बुडवली होती.

६

फुलावैनी ओहोळावर कपडे धूत होती. मी तिच्याजवळ दगडावर बसले. कोर्टाचा विषय मी काढला नाही. मी फक्त म्हणाले, "वैनी, माझ्या आबांचं नाव काय गं?"

"झिलूमामा," ती म्हणाली. "असं काय इचारतेस?"

किती सहज म्हणाली. ते नाव तिच्या सासरी कुणाचंच नव्हतं. साकवापाशी आबांना पाहिलं असतं तर कारवारच्या पिंजऱ्यातही ती इतक्याच सहज म्हणाली असती.

तिच्या हातातलं लुगडं पाण्यात तसंच राहिलं. मी कशासाठी आले ते तिला कळलं होतं. मग ती सांगू लागली, माझ्याकडे न बघता. रान पेटलं त्या वर्षी ती नवी नवरी होती. वरच्या उतारावर करवंदं काढायला गेली होती. आमचा दादा, तेव्हा पंधरा वर्षांचा पोर, एकट्याने पाला पेटवत होता, आबांना कुमरी करून दाखवायची म्हणून. वारा फिरला तेव्हा तो हाताने आग विझवायला धावला. तिने हे घरातल्या बायकांपलीकडे कुणाला सांगितलं नाही. घरात मात्र त्याचं बोलणं निघालं की तेवढीच खूण होती.

"मी सांगितलं गं," ती म्हणाली. "त्यांनी नाव इचारलं, माझ्या तोंडात जे बसतं ते मी सांगितलं. त्यांनी खोडा म्हटलं. मग झिलूमामानं हात जोडले. मी काय करायचं हुतं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या वकिलांनी फक्त एक प्रश्न विचारायचा होता. बाई, तू पाहिलास तो हा माणूस का? ती नाही म्हणाली असती. पण तो प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ते जिंकून खाली बसले होते, आणि मी त्यांना शाबासकी दिली होती.

दत्तात्रय वकिलांना मी कॅसलरॉकला गाठलं. ऐकता ऐकता ते उठून फेऱ्या घालू लागले. बाकीचं त्यांनी भराभर जुळवलं. लक्ष्मण त्या दिवशी सुप्याला कांबळ्यांखाली पडला होता, तर दादाला कॅसलरॉकला दिवसभर काम करताना त्याने पाहिलं कसं? आमच्यापुढे त्याने दोन्ही सांगितलं आणि आम्ही दोन्ही खरं मानलं. आबा रानात गेले असते तर आकडी बांधून गेले असते, आणि ती खुंटीवर होती. म्हणजे कोयता नेणाऱ्याच्या कमरेला त्याची स्वतःची आकडी होती, फक्त तीत अडकवायला कोयता नव्हता. मग मी कुंभारवाड्याच्या लोहाराकडे गेले. दादाचा कोयता मूठ फुटली म्हणून होळीच्या आधीपासून त्याच्याकडे पडून होता. तो मला म्हणाला, कुणी न्यायला आलं न्हाई, तुम्हीच न्या.

लक्ष्मणने शेवटी कबूल केलं. धरून नेताना आबांनीच त्याला सांगितलं होतं की कुणी विचारलं तर पोरगा तुझ्याकडे होता म्हण.

कारणही दूर शोधावं लागलं नाही. दुसऱ्याच्या अपमानाने माणूस चिडतो. पण तो अपमान ज्या चुकीपायी होत होता ती आपली स्वतःची असेल, आणि बाप ती आपल्या नावावर घेऊन भर बाजारात कान धरून बसला असेल, तर मुलाने काय करावं? मी त्याचं समर्थन करत नाही. वासूलाही घरदार असेल.

"केशरबाई, सुटतील ते," दत्तात्रय वकील म्हणाले. "फुलाबाईची साक्ष पुन्हा घेण्याचा अर्ज करू. ती आकडी सांभाळून आणा. फक्त तुमच्या वडलांचा अंगठा हवा अर्जावर."

७

कारवारच्या तुरुंगात आबा गजांपलीकडे बसले होते. वाळले होते. त्यांनी आधी विचारलं की छपराला गवत घातलं का. मी हो म्हटलं. बी मिळालं का. मिळालं. आकडी माझ्या पिशवीत होती. दत्तात्रय वकील मागे कागद धरून उभे होते.

"फुलावैनी भेटली होती," मी म्हणाले.

"बरी हाय न्हवं?"

"आबा, रान तुम्ही जाळलं नव्हतं."

त्यांनी वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. मी लहानपणी अभ्यास म्हणून दाखवायची तेव्हा ऐकत तसे पाहत राहिले.

"ह्या वकिलानं कोर्टात काय सांगितलं, ध्यानात हाय तुझ्या? जुनं काढायचं न्हाई म्हणून."

"हो."

"सायब पन व्हय म्हणाला."

"हो, आबा."

"चांगला कायदा हाय," ते म्हणाले. "मग तू कशाला काढतेस?"

 इतकी पुस्तकं वाचली, पण त्या वेळी एकही ओळ मदतीला आली नाही. मग तेच म्हणाले, "तवा मी एकटा आत गेलो आणि दोन पोरं भायेर राहिली. एक तर शिकून मास्तरीण झाली. आता पन दोन हायत. एकाला फाशी घालून मला घरी नेशील, तर मी दाराशी बसून वाट कुनाची बघू?"

मी आकडी पिशवीतून काढली नाही. दत्तात्रय वकिलांनी कागद पुढे केला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला, आणि होडीपर्यंत आम्ही दोघे चालत गेलो. कायद्याने अशिलाच्या इच्छेबाहेर त्यांना काही करता येत नव्हतं. मला येत होतं. मी केलं नाही.

काळ्या पाण्याची बोट पावसाळ्यानंतर सुटायची होती. आबा तोवर राहिले नाहीत. श्रावणात तुरुंगात तापाने गेले. कळवलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दादा गणपतीच्या सुमारास आला. मुरगावला त्याला कुणाकडून तरी कळलं असावं. आबा सुटतील, कारण त्यांनी काही केलेलं नाही, असं तो तिथे बसून समजत होता की तसं समजायला त्याला सोपं जात होतं, हे मी कधी विचारलं नाही. भिजलेला, दाढी वाढलेला, तो पायरीवर उभा राहिला. आईने त्याला आत घेतलं आणि अंग पुसायला पंचा दिला. तिला हे कधीपासून ठाऊक होतं, ते मी तिलाही विचारलं नाही.

पंचा अडकवायला तो खुंटीकडे वळला. तिथे आबांची आकडी होती. मी कारवारहून आणून ती तिच्या जागी लावली होती. दादाने ती हातात घेतली. त्याचा अंगठा त्या काळ्या, झिजलेल्या कडेवरून फिरला.

"त्यांना नेलं तवा ही त्यांच्यासंगती न्हवती?" त्याने विचारलं.

जुनं मी काढलं नाही. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं.

"नाही रे दादा," मी म्हणाले. "ती साकवावरच्या त्या दिवशीपण इथंच होती."

तो आकडी हातात धरून उंबऱ्यावर बसला. आईने चूल पेटवली. बराच वेळ तो तसाच पाठमोरा बसून होता, आणि आम्ही दोघींनी त्याला हाक मारली नाही.